विजयाच्या भाषणात हरलेल्या माणसांसाठी काय आहे ते बघ

तुझा मेसेज वाचला. इंग्लिशच्या क्लासमध्ये ओबामांचं विजयाचं भाषण घेतलंय, तुला त्यावर बोलायचंय, आणि तू प्रिंटआउटवर जिथे जिथे शब्द परत आलाय तिथे तिथे हायलायटर फिरवून ठेवलास. असू दे, वाया नाही जाणार ते. पण आता कागद उलटा ठेव आणि एकदा नुसतं ऐक, साधारण १७ मिनिटांचंच आहे. ४ नोव्हेंबर २००८ ची रात्र, शिकागोचं ग्रँट पार्क, समोर तुडुंब गर्दी.

पहिलंच वाक्य बघ ना. अजूनही कुणाला शंका असेल, अजूनही कुणाला प्रश्न पडत असेल, असं ते लांबतच जातं, ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो, आणि मग फक्त चार शब्द, टुनाइट इज युवर आन्सर. आपल्याला मराठीत मुख्य क्रियापदासाठी शेवटपर्यंत थांबायची सवयच आहे, इंग्लिशमध्ये मात्र एवढं थांबवून ठेवायला वाक्य मुद्दाम तसं बांधावं लागतं. हे डोळ्यांनी वाचून कळत नाही, मोठ्याने म्हण, श्वास कुठे संपतो ते बघ.

पण मला विचारशील तर भाषणाचा जीव दुसरीकडेच आहे. ज्यांनी ओबामांना मत दिलं नाही त्यांच्याशी ते बोलतात ना, तिथे. आधी लिंकनच्या १८६१ च्या भाषणातलं वाक्य घेतात, आपण शत्रू नाही, मित्र आहोत, आणि मग म्हणतात, हूज सपोर्ट आय हॅव येट टू अर्न. विरोधात मत देणारे असा शब्दच नाही तिथे! ज्यांचा पाठिंबा मला अजून मिळवायचाय, असं. हॅव येट टू ही रचना आपण ग्रामरच्या तासाला रिकाम्या जागा भरून शिकतो, आणि इथे तिच्यातूनच अख्खा स्वभाव दिसतो, म्हणजे काम राहिलंय ते माझं, चूक तुमची नाही. पुढे लगेच व्होट आणि व्हॉइस, मत नाही मिळालं पण आवाज ऐकतोय. क्लासमध्ये इथेच जास्तीत जास्त वेळ घालव.

आणि ‘वी’ वर बोल. आपल्याकडे आम्ही वेगळं, आपण वेगळं, इंग्लिशमध्ये दोन्हीला एकच वी. म्हणून भाषांतर करायला बसलास की प्रत्येक वी पाशी ठरवावं लागतं, यात समोरचा धरलाय का बाहेर ठेवलाय. भाषणात परत परत येणाऱ्या येस वी कॅन ला ‘होय, आम्ही करू शकतो’ केलंस तर ती जिंकलेल्या पक्षाची घोषणा होते. मला विचारशील तर ‘जमेल आपल्याला’. आणि हे तर आवर्जून सांग, की ही ओळ त्या निवडणुकीत देशभर गाजली ती जानेवारी २००८ मध्ये न्यू हॅम्पशायरला, पक्षाचा उमेदवार ठरवायच्या प्राथमिक निवडणुकीत, हरल्यावर केलेल्या भाषणामुळे. हरलेल्या रात्रीचे शब्द जिंकलेल्या रात्री परत आलेत, म्हणून त्यांना वजन आहे.

आता ॲन निक्सन कूपर यांचा भाग, अटलांटाच्या १०६ वर्षांच्या मतदार. त्यांनी आयुष्यात काय काय पाहिलं ते ओबामा तिथे एकेका शब्दात सांगतात, त्यातच बर्मिंगहॅमचे ‘होजेस’ येतात. मी पहिल्यांदा हे भाषण शिकवलं तेव्हा एका मुलीने विचारलं होतं, होजेस म्हणजे काय, आणि मी ‘पाण्याचे पाइप’ सांगून पुढे गेले. घरी जाऊन वाचलं तेव्हा कळलं की १९६३ मध्ये बर्मिंगहॅमला मोर्चात चालणाऱ्या कृष्णवर्णीय शाळकरी मुलांवर आगीच्या बंबांच्या पाण्याचे जोरदार फवारे मारले होते, माणूस आडवा होईल इतके. शब्दाचा अर्थ मी दिला आणि गोष्ट दिलीच नाही, याचं वाईट अजून वाटतं मला. तू तसं करू नकोस. मॉन्टगोमेरीच्या बस, म्हणजे वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांनी बसवर टाकलेला बहिष्कार, सेल्माचा पूल, म्हणजे मताच्या हक्कासाठी निघालेला मोर्चा जिथे पोलिसांनी मारून अडवला, एकेका शब्दामागे माणसं आहेत. कूपरबाईंना दोन कारणांनी मत देता येत नव्हतं असं ते म्हणतात, एक बाई म्हणून, दुसरं कातडीच्या रंगामुळे. त्यांचा जन्म १९०२ चा, बायकांना देशभर मताचा हक्क १९२० ला, आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना तो खऱ्या अर्थाने वापरता यायला १९६५ चा कायदा यावा लागला. एवढी वर्षं ‘टू रीझन्स’ या दोन साध्या शब्दांत आहेत, आवाज न चढवता.

अजून एक जागा दाखवते, चेंज आणि चान्स. हा विजय म्हणजे बदल नव्हे, बदल घडवायची फक्त संधी आहे, असं म्हणताना ते हे दोन जवळजवळ सारखे वाजणारे शब्द शेजारी ठेवतात. उच्चारात फरक नीट ऐकू येऊ दे, नाहीतर वाक्यच हातचं जाईल. बाकी अलंकारांची नावं शेवटी दोन मिनिटांत सांगितलीस तरी चालेल.

आणि कूपरबाईंचा परिच्छेद वाचशील तेव्हा येस वी कॅन तू स्वतः म्हणू नकोस, जागा सोड आणि वर्गाकडे बघ. त्या रात्री गर्दीनेच ते परत परत म्हटलं होतं. पहिल्यांदा दोघंतिघंच दबकत म्हणतील, दुसऱ्यांदा जरा जास्त. घाई करू नकोस, थांब त्यांच्यासाठी. झालं की फोन कर, कितव्यांदा सगळा वर्ग बोलला ते ऐकायचंय मला.