सायबर सिक्युरिटीची पदवी घ्यावी की साधी कॉम्प्युटरची?

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी सायन्स उत्तीर्ण झाली असून एमएचटी-सीईटीमध्ये तिला बरे पर्सेंटाइल मिळाले आहे. कॅप राउंडच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीच्या, ऑप्शन फॉर्ममध्ये ‘सीएसई (सायबर सिक्युरिटी)’ ही कॉम्प्युटर सायन्स इंजिनिअरिंगची शाखा सर्वांत वर टाकावी, असा तिचा आग्रह आहे. घरातील वडीलधारी मंडळी मात्र साधे कॉम्प्युटर घ्यावे, सिक्युरिटी पुढे केव्हाही शिकता येते, असे म्हणतात. आणि तिच्या मामाला तर ‘हॅकिंगचा कोर्स’ हे शब्दच खटकतात. आम्ही काय करावे? तिच्यासाठी लॅपटॉप कोणता घ्यावा, हेही सांगावे.
— एक पालक, बार्शी

उत्तर : मुलीचा आग्रह आणि वडीलधाऱ्यांचा सल्ला यांत वरकरणी दिसतो तेवढा विरोध नाही, कारण निर्णय शाखेच्या नावावर नव्हे, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमावर अवलंबून आहे. तो विद्यापीठाच्या किंवा स्वायत्त महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर पाहायला मिळतो. तिसऱ्या ते सहाव्या सत्राचे विषय कागदावर उतरवून घ्या आणि त्याच महाविद्यालयातील साध्या कॉम्प्युटर शाखेच्या विषयांशेजारी ठेवून पाहा. ऑपरेटिंग सिस्टिम, कॉम्प्युटर नेटवर्क, डेटाबेस, अल्गोरिदम आणि डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स हे विषय दोन्हीकडे सारख्याच क्रेडिट्सचे असतील, तर मुलीचे म्हणणे निर्धास्तपणे ऐका. त्यांना कात्री लावून त्या जागी निरनिराळ्या टूल्सची, म्हणजे तयार तपासणी-सॉफ्टवेअरची, ओळख करून देणारे विषय बसवले असतील, तर वडीलधाऱ्यांचे ऐका. ब्लॉकचेन, इंटरनेट ऑफ थिंग्ज आणि सायबर सिक्युरिटी अशी तिन्ही नावे एका दमात घेणाऱ्याही शाखा आहेत. तेथे तर हा ताळा करूनच पाहावा.

पायाभूत विषयांवर मी एवढा भर का देतो, हे पुण्यातील एका घटनेवरून स्पष्ट होईल. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले आणि त्यांतील बहुतांश रक्कम २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी काही तासांत काढली गेली. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो, तेव्हा पैसे द्यायचे की नाही, हे ते यंत्र स्वतः ठरवत नाही. मागणी स्विचमार्फत, म्हणजे असे निरोप पोहोचवणाऱ्या मधल्या यंत्रणेमार्फत, बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाते, तेथे शिल्लक तपासली जाते आणि मग होकार किंवा नकार परत येतो. हल्लेखोरांनी मालवेअरच्या, म्हणजे घातक सॉफ्टवेअरच्या, साहाय्याने मधल्या मध्ये स्वतःचा स्विच उभा केला, त्यामुळे मागण्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचल्याच नाहीत आणि परस्पर होकार मिळत गेला. (पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया पाहिलेल्या पुण्याला हा प्रकार तसा अपरिचित म्हणता येणार नाही.) हा निरोप कोणत्या मार्गाने जातो, त्यावर कोणाची खूण असते आणि ती कोण पडताळतो, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला हा हल्ला समजणारही नाही, मग रोखण्याची गोष्ट दूरच, आणि हे सारे नेटवर्क व ऑपरेटिंग सिस्टिम या ‘रटाळ’ विषयांतच शिकवले जाते.

उलट बाजूचेही एक उदाहरण सांगतो. एका महाविद्यालयात प्रकल्प तपासताना अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याने टूल चालवून काढलेला चाळीस पानांचा सुबक अहवाल माझ्यापुढे ठेवला. त्यात एका वेबसाइटचे ‘पोर्ट ४४३ उघडे आहे’ ही गंभीर त्रुटी म्हणून नोंदवली होती. पोर्ट म्हणजे संगणकाशी संपर्क साधण्याचे क्रमांक दिलेले दार, आणि एचटीटीपीएसची, म्हणजे वेबसाइटशी होणाऱ्या सुरक्षित संपर्काची, सर्व वर्दळ साधारणपणे याच पोर्टवरून होते. ते बंद केले तर ती वेबसाइट उघडणारच नाही. टूलने आपले काम चोख केले होते, फक्त त्याने दिलेल्या यादीचा अर्थ लावणारे कोणी नव्हते.

आणखी एक व्यावहारिक मुद्दा म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत सायबर सिक्युरिटीचा स्वतंत्र पेपर नाही. एम.टेक.चा विचार असेल, तर साधारणपणे कॉम्प्युटर सायन्सचाच पेपर द्यावा लागतो आणि त्यात कंपायलर, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन असे विषय असतात. ते पदवीच्या अभ्यासक्रमातच नसतील, तर पुढे स्वतःच्या बळावर करावे लागतील. डिजिटल फॉरेन्सिककडे ओढा असल्यास गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचाही विचार करावा. तेथील प्रवेश मात्र कॅपमधून होत नाहीत.

मामांची शंका रास्त आहे, पण ती विषयाबद्दल नसून परवानगीबद्दल असायला हवी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी येते आणि तेच कृत्य अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केले, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. लेखी परवानगी घेऊन तीच तपासणी करणे हा मात्र राजरोस व्यवसाय आहे. महाविद्यालयाच्या वाय-फायवर गंमत म्हणूनही हात चालवून पाहू नये, एवढे मुलीला आधीच बजावून ठेवा.

नोकरीविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. सुरुवातीची बरीचशी कामे सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमध्ये, म्हणजे बोलीत ‘सॉक’मध्ये मिळतात. तेथे पाळ्या असतात, रात्रपाळीही असते आणि लॉग, म्हणजे संगणकांनी आपोआप केलेल्या नोंदी, वाचत बसण्याचा चिवटपणा लागतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ मधील निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात, त्यामुळे पहाटे तीनला आलेली सूचना सकाळवर ढकलता येत नाही.

मुलीची आवड पारखायची असेल, तर ऑप्शन फॉर्म भरण्यापूर्वी तिला ‘ओव्हर द वायर’ या संकेतस्थळावरील ‘बँडिट’ हा विनामूल्य सराव करू द्या. त्यात सुरुवातीलाच अशी एक फाइल येते, जिचे नाव केवळ एक आडवी रेघ आहे. ती वाचण्यासाठी नेहमीप्रमाणे ‘कॅट’ ही कमांड देऊन पुढे रेघ टाइप केली, तर काहीच घडत नाही. पडदा स्तब्ध राहतो, कारण त्या रेघेचा अर्थ संगणक ‘कीबोर्डवरून येईल ते वाच’ असा घेतो आणि आपल्याच टाइप करण्याची वाट पाहत बसतो. फाइल याच फोल्डरमधील आहे, हे सांगण्यासाठी नावाआधी एक टिंब आणि तिरकी रेघ द्यावी लागते. हे कोडे सुटेपर्यंत ती जेवणाच्या हाकेलाही उठली नाही, तर शाखा वर टाकायला हरकत नाही.

लॅपटॉपसाठी महागडे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. प्रात्यक्षिकांसाठी एकाच लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले आभासी संगणक, एक हल्ला करणारे आणि एक झेलणारे, एकाच वेळी चालवावी लागतात. म्हणून १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी असलेला लॅपटॉप पाहावा. बजेटमुळे ८ जीबीचाच घ्यावा लागला, तर रॅम नंतर वाढवता येते का, हे दुकानदाराला आवर्जून विचारा, कारण अनेक पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच पक्की जोडलेली असते.