विचारा ना ताई: मॅचच्या संध्याकाळचं गार चीज डिप

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही भुसावळचे. आयपीएल सुरू झालं की आमचे हे टीव्ही गच्चीवर नेतात आणि सात-आठ मित्र ठरलेलेच, मग मी खाली भजी तळत बसायचं, मे महिन्यात गॅससमोर जीव जातो आणि मॅच तर बघायलाच मिळत नाही. व्हिडिओत अमेरिकेतलं गार चीज डिप बघितलं, गॅस लावायचाच नाही, पण त्यात क्रीम चीज आणि सावर क्रीम, एवढं महागाचं कोण आणणार. सासूबाई बघून म्हणाल्या "हाई काय शे?" आपल्याकडच्या सामानात जमेल का?

उत्तर: जमेल की, आणि सासूबाईच दुसऱ्यांदा मागतील बघा. फक्त एक लक्षात घ्या, तिकडे हे डिप जोरात चालतं ते फेब्रुवारीत, सुपर बोल म्हणजे त्यांच्या फुटबॉलची फायनल असते तेव्हा, बऱ्याच ठिकाणी बाहेर कडाक्याची थंडी. आणि आपल्याकडे आयपीएल म्हणजे पारा ४३-४४ वर. त्यामुळे कालवायला दहा मिनिटं पुरतात हो, खरी कसरत आहे ती गार ठेवायची आणि पाणी सुटू न देण्याची.

क्रीम चीजच्या जागी आपला चक्का. अर्धा किलो घट्ट दही, म्हशीच्या दुधाचं असेल तर उत्तमच, आदल्या रात्री फडक्यात बांधायचं पण नळाला टांगू नका, आपल्या उन्हाळ्यात सकाळपर्यंत आंबट ढाण होतं. चाळणीत ठेवा, खाली पातेलं, आणि सगळं फ्रीजमध्ये. सकाळी साधारण पाव किलो चक्का हातात येतो. मग चीजचे चार क्यूब, म्हणजे १०० ग्रॅम, किसून तीन-चार चमचे कोमट दुधात दहा मिनिटं भिजवा आणि मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवून गुळगुळीत करा. हे गार झालं की चक्क्यात चमच्याने कालवा. चक्का मात्र मिक्सरमध्ये घालायचा नाही, पातळ होतो आणि मग कितीही फ्रीजमध्ये ठेवा, चिप्सवरून ओघळतोच.

आता चव. दोन लसूण पाकळ्या तव्यावर भाजून ठेचा (एवढा एक मिनिट गॅस चालेल ना?), कच्चा लसूण घातला तर रात्रीपर्यंत तोच तोच लागतो. दोन हिरव्या मिरच्या भाजून ठेचलेल्या, मिरपूड, बारीक चिरलेली ढोबळी मिरची. कांदा-टोमॅटो नको, काकडी तर नकोच, पाणी सुटतं. काकडीच्या फोडी बुडवून खायला ठेवा की बाजूला. मीठ आधी अजिबात नाही, चीज खारट असतं, आणि डिप दोन तास गार झाल्यावर चाखा मगच ठरवा, कारण गार पदार्थात मीठ-तिखट दबलेलं लागतं. फ्रीजमध्ये ते घट्टही होतं म्हणून कालवताना जरा सैलच राहू द्या. वरून घरचा तेलातला ठेचा एक चमचा सोडला की झालं आपलं खानदेशी.

सोबत नाचोज कशाला विकत आणता, रावेर-यावल तुमच्या शेजारी! केळीचे चिप्स घ्या पण जाड कापाचे, पातळ वेफर डिपमध्येच मोडतात. ज्वारीचे बिबडे, म्हणजे आपले खानदेशी पापड, सकाळी तळून डब्यात भरून ठेवले तर त्याहून भारी.

आणि हे नीट वाचा. हवा ३२ डिग्रीच्या वर असली की असा दुधाचा पदार्थ तासाभराच्या वर बाहेर ठेवू नये, आणि मे महिन्यात भुसावळला रात्री आठला सुद्धा गच्चीवर त्याच्या वरच असतं. मॅच साडेसातला सुरू होते ती अकराच्या पुढे चालते, म्हणजे एकच मोठा वाडगा मांडून चालणार नाही. दोन भाग करा, एक पहिल्या इनिंगला वर न्या, परातीत बर्फ पसरून त्यात वाटी रोवून, दुसरा ब्रेकमध्ये फ्रीजमधून काढा. वर राहिलेलं परत फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, वाईट वाटलं तरी टाकायचं. न काढलेलं दोन दिवस चालतं, पोळीला लावून मुलं डब्यात नेतील. मध्येच लाईट गेली तर फ्रीज उघडू नका, बंद राहिला तर चारेक तास गारवा टिकतो.

प्रश्न: यात भरिताचं वांगं घातलं तर? (वाचक, जळगाव)

उत्तर: अहो चालतं, धुराचा वास चीजला छानच लागतो. पण आपलं ते भरिताचं हिरवं वांगं, २०१६ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं, त्याची खरी मजा थंडीत, तेव्हा वनडे-टी२० काही ना काही असतंच. भाजून सोललं की अर्धा तास चाळणीत निथळू द्या, मग चक्क्यात. यात ढोबळी मिरची घालू नका.

प्रश्न: आम्ही जैन, लसूण चालत नाही. चीज शाकाहारी असतं का? (वाचक, धुळे)

उत्तर: पाकिटावर हिरवा ठिपका बघून घ्या. लसणाऐवजी भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि तुपात फुलवलेला चिमूटभर हिंग, सोबत काकडी नाहीतर उडदाचे पापड.