गहाण ‘खालसा’ होते काय?

विचारणा अशी आहे : एका जुन्या कब्जेगहाणाच्या (जमिनीचा ताबा सावकाराला देऊन केलेल्या गहाणाच्या) वादात समोरच्या बाजूने लेखी दिले आहे की, ‘कुलकर्णी वतन 1951 साली खालसा झाले, सबब त्यावरील गहाणही खालसा झाले’, हा प्रयोग मराठी म्हणून बरोबर आहे काय? बरोबर नाही. गहाण फिटते, सुटते, फार तर बुडते. ते खालसा होत नाही. ‘खालसा’ म्हणजे ‘नाहीसे’ असे धरून तो शब्द नोकरीपासून ठेवीपर्यंत कशालाही चिकटवण्याची खोड अलीकडे इतकी बळावली आहे की, आता तिला दस्तऐवजांतही वाट मिळाली.

शब्द अरबीतला. ‘खालिस’ म्हणजे ज्यात दुसरे काही मिसळलेले नाही ते, निर्भेळ. ज्या मुलखाचा वसूल मधल्या जहागीरदाराच्या हाती न जाता थेट सरकारात येई, तो खालसा मुलूख. 1848 साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले तेव्हा साताऱ्याची जमीन कोठे गेली नाही. मधला धनी गेला. शीख पंथाच्या ‘खालसा’ या नावाचा अर्थही पुष्कळ जण असाच लावतात : मधले मसंद (गुरूच्या वतीने देणग्या गोळा करणारे मध्यस्थ) बाजूला सारून थेट गुरूचे झालेले लोक. आपला ‘निखालस’ त्याच घरातला. त्यातला ‘नि’ नकाराचा दिसतो, पण नकार मुळीच करीत नाही, म्हणून ‘निखालस खोटे’ हे शंभर नंबरी खोटे असते. ‘मखलाशी’ही त्याच मुळाची. आज तिचा अर्थ सारवासारव असा झाला असला, तरी पूर्वी ती प्रकरणाचा निकाल लावणारी होती, हे मला नेहमीच गमतीचे वाटते.

काही कोशांत आणि त्यांच्या आधाराने लिहिणाऱ्या विद्वानांच्या लेखांत ‘खालसा = जप्त’ असे समीकरण सापडते. ते आळसाचे आहे. जप्तीत वस्तू एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते; खालशात हात कमी होतात. हा भेद ज्यांना कळत नाही त्यांनी निदान महसुली कागद तरी वाचावेत. परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा 1950 चा कायदा 1 मे 1951 पासून लागू झाला, तेव्हा जमिनी सरकारजमा झाल्या खऱ्या, पण जुडीची (वतनजमिनीवरच्या कमी साऱ्याची) सवलत जाऊन पूर्ण आकार, म्हणजे पूर्ण सारा, बसला आणि आकाराच्या 12 पट कब्जेहक्काची (जमीन धारण करण्याच्या हक्काची) रक्कम मुदतीत भरणाऱ्या वतनदाराला तीच जमीन पुन्हा देण्याची तरतूद त्याच कायद्यात होती. अशा जमिनीचा कब्जा असलेल्या धनकोने (गहाण घेणाऱ्याने) ती सरकारकडून आपल्या नावे करून घेतली, तरी ऋणकोचा (गहाण ठेवणाऱ्याचा) सोडवणुकीचा हक्क मरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली सांगितले. त्याला आधार घेतला तो 1882 च्या न्यास अधिनियमातील कलम 90 चा : गहाणामुळे मिळालेल्या जागेचा फायदा घेऊन धनकोने जे मिळवले ते ऋणकोच्या हिताकरिता धरलेले समजावयाचे, मात्र त्यापायी झालेला वाजवी खर्च ऋणकोने भरून द्यावयाचा.

प्रतिपक्षाच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की, सगळीकडे असे झाले नाही. बिहारच्या 1950 च्या जमीन सुधारणा कायद्याने जमीनदाऱ्या सर्व बोज्यांपासून मुक्त होऊन राज्याकडे गेल्या. ‘बोजारहित’ म्हणजे अक्षरशः ‘खालिस’, आणि तिथे गहाण सोडवू पाहणाऱ्यांची वाट फार बिकट झाली. तेव्हा निकाल त्या त्या कायद्याच्या कलमांवर ठरतो, ‘खालसा’ या शब्दावर नव्हे.

माझा तर्क असा की, लेखी देणाऱ्याच्या कानात ‘खालसा’ नव्हे, ‘खलास’ घुमत असावा. गंमत पाहा : ‘खलास’ही त्याच अरबी धातूचा, आणि त्याचा मूळ अर्थ संपणे नव्हे, सुटका. जुन्या कागदांत कैदी खलास होतो तेव्हा तो मरत नाही, घरी जातो. कायद्याच्या मराठीत गहाण सोडवण्याला जे विमोचन म्हणतात (हल्ली ते फक्त पुस्तकांचेच होते, हा भाग वेगळा), तेच हे. म्हणजे त्या गृहस्थांनी ‘गहाणही खलास झाले’ असे लिहिले असते, तर व्युत्पत्तीच्या हिशेबाने त्यांनी जमीन सुटल्याची कबुलीच दिली असती.