नॅसकारच्या ओव्हल शर्यतीत पाहायचे काय, आणि पहिली शर्यत कोणत्या ट्रॅकवर पाहावी?

तुम्ही नोकरीनिमित्त नुकतेच शार्लटला आला आहात, सहकारी तुम्हाला नॅसकारच्या, म्हणजे अमेरिकेतील स्टॉक कार गाड्यांच्या, शर्यतीला नेऊ पाहत आहेत, आणि टीव्हीवर थोडा वेळ पाहिल्यानंतर तुमचा प्रश्न असा आहे की, ३६ ते ४० गाड्या ओव्हल म्हणजे लंबगोल ट्रॅकवर तीन-चार तास नुसत्या डावीकडे वळत राहतात, यात कौशल्य ते कोणते. शिवाय जायचेच झाले तर पहिल्यांदा कोणत्या ट्रॅकवर जावे. मी बरीच वर्षे या शर्यती पाहत आलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. नव्या प्रेक्षकाचे सगळे लक्ष गाड्यांवर असते आणि ट्रॅककडे तो पाहतच नाही, असे मला नेहमी दिसते. वास्तविक या खेळात गाड्या जवळपास सारख्या असतात; वेगळे असतात ते ट्रॅक.

आधी गाडीविषयी. नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी तुमच्याच शार्लटमध्ये, पाऊण मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर झाली. गाडी दुकानातून आणली तशीच असावी, अशी तेव्हा अट होती. ग्लेन डनअवे पहिला आला. परंतु चोरटी दारू वाहून नेण्यासाठी त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगा कडक केलेल्या तपासणीत आढळल्या, त्याला बाद करण्यात आले आणि विजय जिम रोपरला मिळाला. आज शेवरले, फोर्ड आणि टोयोटा यांच्यात मुख्यतः बाह्यरूप आणि इंजिन एवढेच वेगळे असते. २०२२ पासून गाडीचे बहुतेक भाग सर्व संघांना ठरावीक पुरवठादारांकडूनच घ्यावे लागतात, आणि टायर तर सर्वांना गुडइयरचेच असतात. त्यामुळे जो फरक पडतो, तो गाडी विशिष्ट ट्रॅकला किती जुळवून घेतली आहे आणि ड्रायव्हर तो ट्रॅक कसा वाचतो, यावरच पडतो.

ट्रॅकची लांबी, वळणांचा कल आणि पृष्ठभाग या गोष्टी बदलल्या की शर्यतीचे स्वरूपच बदलते. वळणावर रस्ता आतल्या बाजूला झुकवलेला असतो, त्याला बँकिंग म्हणतात. कल जितका जास्त, तितका रस्ता स्वतःच गाडीला आत ढकलतो आणि तितका कमी भार टायरच्या पकडीवर येतो. फ्लोरिडातील डेटोना येथे हा कल ३१ अंश आहे, तर इंडियानापोलिसला अवघा ९ अंश. दोन्ही ट्रॅकची लांबी अडीच मैल, म्हणजे सुमारे चार किलोमीटर, आणि दोन्ही डावीकडेच वळतात. तरीही डेटोनाला वळणात वेग कमी करावा लागत नाही आणि इंडियानापोलिसला प्रत्येक वळणाआधी तो करावाच लागतो.

माझा सर्वांत आवडता ट्रॅक साउथ कॅरोलायनातील डार्लिंग्टनचा आहे. हॅरोल्ड ब्रेझिंग्टन याने तो बांधायला घेतला, तेव्हा जमीन देणाऱ्याने आपले छोट्या माशांचे तळे बुजवू नये अशी अट घातली, म्हणून ट्रॅकचे एक टोक अरुंद करावे लागले आणि १९५० साली तो अंड्याच्या आकाराचा तयार झाला. दोन टोके इतकी वेगळी आहेत की एका टोकासाठी नीट बसवलेली गाडी दुसऱ्या टोकाला अवघड वागते, आणि दोन्हीकडे चालेल अशी तडजोड शोधणे हेच तेथील संघाचे खरे काम असते. शिवाय वेगवान मार्ग बाहेरच्या भिंतीला लागूनच जातो. त्यामुळे शर्यत संपताना बहुतेक गाड्यांची उजवी बाजू घासून काळी पडलेली असते, आणि तिला सर्व जण ‘डार्लिंग्टन स्ट्राइप’ म्हणतात. ७५ वर्षांपूर्वीचे एक तळे आजही ड्रायव्हरांना वेठीस धरते, याचे मला अजून नवल वाटते.

डेटोनाची गोष्ट निराळी. समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर शर्यती भरवणाऱ्या बिल फ्रान्स यांनी तो ट्रॅक उभारला, आणि उंच वळणांसाठी मैदानातून इतकी माती काढली की त्या खड्ड्याचे तळे झाले. तेच लेक लॉइड. २२ फेब्रुवारी १९५९ रोजी झालेल्या पहिल्या डेटोना ५०० मध्ये जॉनी बोशॉं विजयी झाल्याचे जाहीर झाले, मग छायाचित्रे आणि चित्रफिती तपासल्या गेल्या, आणि तीन दिवसांनी विजेता ली पेटी ठरला. पुढच्याच वर्षी ज्युनियर जॉन्सनच्या लक्षात आले की पुढच्या गाडीला अगदी चिकटून राहिले तर आपली कमी वेगाची गाडीही तिच्या बरोबरीने धावते. पुढची गाडी हवा फोडते, मागची तिच्या आडोशाला राहते, आणि दोघींमधील हवेचा ओढा कमी झाल्यामुळे जोडी एकट्या गाडीपेक्षा जलद जाते. यालाच ड्राफ्टिंग म्हणतात. जॉन्सनने त्याच बळावर ती शर्यत जिंकली.

अलाबामातील टॅलाडेगा हा त्याहून मोठा, २.६६ मैलांचा आणि ३३ अंश कलाचा ट्रॅक. १९८७ साली बिल इलियटने तेथे पात्रता फेरीत ताशी २१२.८०९ मैल, म्हणजे जवळजवळ ३४२ किलोमीटर, वेग गाठला. त्याच वेळच्या शर्यतीत बॉबी ॲलिसनचा टायर फुटून गाडी हवेत उचलली गेली, प्रेक्षकांपुढील जाळीवर आदळली आणि काही प्रेक्षक जखमी झाले. म्हणून १९८८ पासून या दोन ट्रॅकवर इंजिनात जाणाऱ्या हवेवर निर्बंध आले. त्याचा परिणाम असा, की सर्वांचा वेग सारखा राहतो, तीस-पस्तीस गाड्या एकाच घोळक्यात धावतात आणि एकाची चूक वीस जणांना भोवते. हे दृश्य थरारक असते, यात शंका नाही. परंतु निकालात नशिबाचा वाटा मोठा असतो, म्हणून पहिल्या शर्यतीसाठी मी हे ट्रॅक सुचवणार नाही.

येथे एक गंभीर गोष्ट सांगायलाच हवी. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना ५०० च्या शेवटच्या फेरीत ड्रायव्हर डेल अर्नहार्ट यांची गाडी भिंतीवर आदळून त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी डोके आणि मान जागेवर धरून ठेवणारे, हान्ससारखे उपकरण सक्तीचे झाले, आणि पुढच्या काही वर्षांत नेब्रास्का विद्यापीठात विकसित झालेल्या, धडक शोषणाऱ्या पोलाद आणि फोमच्या भिंती ओव्हल ट्रॅकवर बसवल्या गेल्या. आज ड्रायव्हर भीषण अपघातानंतर चालत बाहेर येताना दिसतो, तो बराचसा या दोन गोष्टींमुळे.

लहान ट्रॅकचा नमुना म्हणजे व्हर्जिनियातील मार्टिन्सव्हिल. लांबी जेमतेम अर्धा मैल, दोन लांब सरळ पट्टे आणि दोन आखूड वळणे. येथे सगळी परीक्षा ब्रेकची, संयमाची आणि धक्काबुक्की किती करावी याच्या अंदाजाची. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी ड्रायव्हर रॉस चॅस्टेनला हंगामाच्या विजेतेपदासाठी लढणाऱ्या अंतिम चौघांत जाण्यासाठी शेवटच्या फेरीत दोन स्थाने हवी होती. त्याने पाचवा गिअर टाकला, ॲक्सिलरेटर दाबून धरला, गाडी भिंतीला टेकवली आणि वळणभर भिंतीच्याच आधाराने घासत पाच गाड्या मागे टाकल्या. ही कल्पना लहानपणीच्या व्हिडिओ गेममधून सुचली, असे त्याने नंतर सांगितले. पुढच्या हंगामापासून असे केल्यास दंडाची तंबी मिळाली, आणि ते योग्यच झाले असे माझे मत आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तुम्ही शार्लटमध्येच आहात, तेव्हा मेअखेरची कोका-कोला ६०० पाहा. शार्लटशेजारच्या कॉनकॉर्डचा तो ट्रॅक दीड मैलाचा, २४ अंश कलाचा. फेऱ्या ४०० आणि अंतर ६०० मैल, मालिकेतील सर्वांत लांब. ती संध्याकाळच्या उन्हात सुरू होते आणि रात्री संपते, आणि हेच तिचे मर्म आहे. तापलेल्या डांबरावर पकड कमी असते, गाडीची मागची बाजू बाहेर सरकते. याला ‘लूज’ म्हणतात. सूर्य मावळून ट्रॅक थंड झाला की पकड वाढते आणि तीच गाडी पुढून वळेनाशी होते; ती ‘टाइट’ झाली. ड्रायव्हर हे रेडिओवरून सांगतो, आणि पुढच्या पिट स्टॉपला, म्हणजे गाडी संघाजवळ थांबते तेव्हा, चार टायर बदलून इंधन भरण्याच्या दहा-अकरा सेकंदांत एक जण मागच्या काचेतील छिद्रातून लांब पाना घालून अर्धा-पाऊण फेरा देतो, ज्यामुळे चार चाकांवरची वजनाची वाटणी बदलते. तो पाना घातला गेला की पुढच्या पाच फेऱ्या त्या गाडीवरून नजर हटवू नका. अंदाज बरोबर होता की नाही, ते तुम्हाला वळणातच दिसेल.

तिकीट शक्य तितक्या वरच्या रांगेतले घ्या, कारण खालून फक्त वेग जाणवतो आणि वरून पूर्ण ट्रॅक दिसतो. कानांसाठी चांगले संरक्षण न्या, मुले बरोबर असतील तर त्यांच्यासाठी आवर्जून. ट्रॅकवर ड्रायव्हर आणि संघ यांचे रेडिओवरचे बोलणे ऐकवणारा स्कॅनर भाड्याने मिळतो. एकच ड्रायव्हर निवडा आणि शर्यतीचे चारही टप्पे त्याचेच बोलणे ऐका.