लग्नसराईआधी फ्लॅश घेताना

चि. छायाचित्रकारास,
अनेक आशीर्वाद.

कॅननचाच फ्लॅश घ्यावा की गोडॉक्स या बाहेरच्या कंपनीचा, असं विचारलंयस. तुळशीचं लग्न लागलं की ऑर्डरी सुरू होतील, त्यामुळे सरळ सांगतो: गोडॉक्स घे. पण एकावर थांबू नको. कॅननच्या वरच्या मॉडेलला जे पैसे पडतील, त्यात याचे दोन आणि वर ट्रिगर (लांबचे फ्लॅश पाडणारं यंत्र) बसेल.

त्याआधी तुझ्या कॅननच्या २०० डी मार्क टू कॅमेऱ्याचा हॉट शू, म्हणजे वर फ्लॅश बसवायची खाच, नीट बघ. बहुतेक कॅमेऱ्यांना तिथे मधोमध एक मोठा गोल पॉइंट असतो, तुझ्याला तो नाही. कॅननने या मॉडेलला आणि ३००० डी ला तो दिलेलाच नाही. त्यामुळे एकाच पिनेचा स्वस्त मॅन्युअल फ्लॅश त्यावर बसतो, चालूही होतो, पण शटर दाबलं की पडत नाही. गिऱ्हाईक म्हणतं फ्लॅश खराब, दुकानदार म्हणतो कॅमेरा खराब. तू कॅननसाठीचा, म्हणजे नावापुढे ‘सी’ असलेला टीटीएल (किती उजेड टाकायचा ते आपोआप ठरवणारा) फ्लॅशच माग.

उजेडात फरक पडेल ही भीती सोड. कॅननच्या ६०० ईएक्स टू-आरटीचा गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या जोराचा आकडा, ६०, गोडॉक्स व्ही८६० थ्रीचाही ६०. हा आकडा आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची ताकद) १०० आणि फ्लॅशच्या २०० एमएम झूमवरचा असतो. त्याला लेन्सच्या एफ आकड्याने भागलं की उजेड किती लांब जातो ते कळतं, म्हणजे एफ/४ ला १५ मीटर, तेही फ्लॅश समोर सरळ रोखला तर. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात वरच्या पायऱ्यांवरून कुस्तीवर फ्लॅश मारणारे बघितलेस ना? पुढच्या माणसाचा पटका तेवढा उजळतो!

कॅननमध्ये जास्तीचे पैसे कशाचे, तर धूळ-पाण्यापासूनच्या बंदोबस्ताचे, कंपनीच्या सर्व्हिसचे आणि पुढचा कॅमेरा आला तरी चालण्याच्या भरवशाचे. जोतिबाच्या चैत्र यात्रेतल्या गुलालात तो बंदोबस्त मोलाचा, पण तुझ्या बॉडीलाच तो नाही, मग वरच्या फ्लॅशला असून काय करणार? बाहेरच्या कंपन्या कॅमेऱ्याची भाषा स्वतः उकलून फ्लॅश बनवतात. नवीन बॉडी आली की कधीकधी गाडी अडते आणि फर्मवेअर, म्हणजे फ्लॅशमधलं सॉफ्टवेअर, अपडेट करावं लागतं. ते यूएसबी केबलने घरी होतं, फक्त लग्नाच्या आदल्या रात्री करत बसू नको.

आता दोन का, ते सांगतो. आपल्याकडच्या मंडपाचं छत बघ, लाल-पिवळं कापड. त्यावर फ्लॅश बाउन्स केलास, म्हणजे उजेड छतावर मारून खाली परतवलास, की नवरीचा चेहरा कापडाच्या रंगाचा होतो. अशा वेळी एक फ्लॅश स्टेजच्या बाजूला स्टँडवर छोटी छत्री लावून ठेव, दुसरा स्टेजच्या मागून, आणि कॅमेऱ्यावर फक्त ट्रिगर. सगळं रेडिओवर चालतं, मध्ये वऱ्हाडी उभे राहिले तरी अडत नाही. उद्या तू सोनीवर गेलास तर सोनीचा ट्रिगर तेवढा घ्यायचा, स्टँडवरचे हेच फ्लॅश त्यावर चालतात. जोडीला निकॉनवाला असला तरी त्याच्या ट्रिगरवरही चालतात. लग्नाचं काम दोघा-तिघांत होतं, तिथे हा फायदा मोठा. कॅननची रेडिओ यंत्रणा चांगली आहे, पण ती आपल्याच घरातल्यांशी बोलते.

‘शुभमंगल सावधान’ झालं आणि अक्षता पडायला लागल्या की हातात काही सेकंदच असतात. फुल पॉवरवर मारत बसलास तर नेमक्या त्या क्षणी फ्लॅश चार्ज होत असेल. आयएसओ ८०० पर्यंत चढव आणि पॉवर १/४ किंवा १/८ वर आण, मग तो लगोलग तयार होतो आणि तापतही नाही. बॅटरी लिथियमची घे. पेन्सिल सेल कुठल्याही दुकानात मिळतात हे खरं, पण चार्ज व्हायला जास्त वेळ लावतात. लिथियमची जादा बॅटरी मात्र फ्लॅशबरोबरच घे. ऐन सीझनमध्ये ती शोधत फिरायची वेळ येऊ नये.

दुकानात जाताना स्वतःचा कॅमेरा ने. फ्लॅश चढवून टीटीएलवर पाच-सहा फोटो काढ. मग हाय स्पीड सिंक (वेगवान शटरबरोबरही फ्लॅश चालण्याची सोय) लावून शटर १/१००० ला ने आणि फोटोत काळी पट्टी येते का बघ. वॉरंटी आयात करणाऱ्या कंपनीची आहे की नुसती दुकानाची, ते बिलावर लिहून घे. बिलाशिवाय दोन हजार कमी करतो म्हणाला तर दुसरं दुकान गाठ.

कळावे,
तुझा काका

ता. क. स्टँडच्या पायात वाळूची पिशवी अडकव. मंडपात पोरं पळत असतात.