'शिक्षण किती' हा रकाना नुसता भरू नकोस

अगं,

तुझा मेसेज वाचला. शिकलेल्या माणसांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) कमी होतो हे खरंय का, आणि खरं असेल तर आपल्या ओपीडीत येणाऱ्या, शाळेचं तोंडही न पाहिलेल्या आज्यांना काय सांगायचं, असं विचारलंयस. फोनवर हे अर्धवटच राहिलं असतं म्हणून लिहितेय, लांबलं तर चालवून घे.

आकडे तसंच सांगतात, हो. लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलच्या कमिशनच्या २०२४ च्या रिपोर्टात ज्यावर काही करता येईल असे १४ रिस्क फॅक्टर आहेत, सगळे मिळून डिमेन्शियाच्या साधारण ४५ टक्के केसेस, आणि त्यात लहानपणीच्या कमी शिक्षणाचा वाटा ५ टक्के. आपल्याकडे लासी-डॅड या देशभरातल्या वयस्कांच्या सर्वेत साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया निघाला, बायकांत ९ आणि पुरुषांत ५.८, शहरापेक्षा गावात जास्त. त्या पिढीत शाळेत कोणाला घातलं नि कोणाला धाकटी भावंडं सांभाळायला घरी ठेवलं ते तुला माहितीये. सगळा फरक शाळेचाच असं नाही म्हणत मी, पण तो विचारात घेतल्याशिवाय हे आकडे वाचूच नकोस.

आता खरी गंमत मेंदूत आहे. शिकल्याने आजार होतच नाही असं लोकांना वाटतं, तसं नाहीये. ब्रिटन आणि फिनलंडमधल्या तीन अभ्यासांतले ८७२ दान केलेले मेंदू तपासून कॅरल ब्रेन वगैरेंनी २०१० मध्ये पेपर काढला, त्यात दिसलं की अल्झायमरचे (डिमेन्शियाचं नेहमीचं कारण) प्लाक, टँगल म्हणजे मेंदूत साचलेल्या प्रथिनांच्या गाठी नि गुंते, बंद पडलेल्या रक्तवाहिन्यांच्या खुणा हे सगळं शिकलेल्यांत नि न शिकलेल्यांत सारखंच, फक्त तेवढाच बिघाड असूनही जास्त शिकलेली माणसं जिवंतपणी कमी विसरायची. अमेरिकेतल्या ६७८ नन्सचा अभ्यास तर तू वाचलाच असशील, त्यातल्या सिस्टर मेरी शंभरी ओलांडून गेल्या, शेवटपर्यंत टेस्टमध्ये छान मार्क, आणि मेंदू उघडला तर आत अल्झायमरच्या भरपूर खुणा. यालाच कोलंबिया विद्यापीठाचे याकोव्ह स्टर्न कॉग्निटिव्ह रिझर्व्ह, म्हणजे मेंदूची राखीव ताकद, म्हणतात. एक रस्ता खचला तरी गल्लीबोळातून घरी पोचणारा माणूस असतो ना, तसं.

मग शाळेने मेंदूच मोठा होतो का? इथे जरा सांभाळून बोल, कारण व्हॉट्सअॅपवर यावर वाट्टेल ते फिरतं. जास्त शिकलेल्यांचा मेंदू सरासरीने किंचित मोठा दिसतो खरा, पण २०२१ मध्ये लार्स नायबर्ग यांच्या टीमने वर्षानुवर्षं त्याच लोकांचे एमआरआय बघितले तेव्हा वयानुसार मेंदू आकसायचा वेग जास्त नि कमी शिकलेल्यांचा सारखाच निघाला. आणि ब्रिटनमध्ये १९७२ ला शाळा सोडायचं वय १५ वरून १६ केलं, म्हणजे आपोआप एक प्रयोगच झाला, ज्यांना ते जादा वर्ष सक्तीने मिळालं त्यांच्या मेंदूच्या रचनेत कित्येक दशकांनी काहीच फरक सापडला नाही. मला हा अभ्यास फार आवडतो, कारण 'शिकलेले' म्हणताना आपण चांगलं खाणं, बरी नोकरी, वेळेवर डॉक्टर हे सगळं नकळत त्याच पिशवीत भरतो.

म्हणून तुझ्या कामाचं सांगते. केसपेपरवरचा शिक्षणाचा रकाना दोन्हीकडून फसवतो.

रिटायर्ड प्राध्यापक आले, एमएमएसई या स्मरणशक्तीच्या छोट्या टेस्टमध्ये ३० पैकी २८, घरचे म्हणतात पप्पा पूर्वीसारखे नाहीत. तिथे "नॉर्मल आहे हो" म्हणून घरी पाठवू नकोस. आधी काय करायचे आणि आता काय सुटलंय ते विचार, बँकेचं कोण बघतं, शब्दकोडं का सोडलं, तीच गोष्ट दिवसात किती वेळा सांगतात. अशा माणसाचा आजार बराच काळ झाकला जातो आणि एकदा वर आला की उतरण बहुतेकदा वेगाने होते, घरच्यांना वाटतं अचानक झालं, अचानक काही नसतं गं.

उलट शाळेत न गेलेल्या आजी. त्यांना शंभरातून सात सात वजा करायला सांगायचं, एक वाक्य लिहा म्हणायचं, पंचकोन काढायला पेन्सिल हातात द्यायची, जी त्यांनी आयुष्यात धरलेली नाही, आणि मार्क कमी पडले की डिमेन्शिया लिहून मोकळं व्हायचं, हा अन्याय आहे. हरियाणात बल्लभगडच्या डिमेन्शियाच्या अभ्यासासाठी याच कारणाने हिंदीत वेगळी टेस्ट बनवली, त्यात वाक्य लिहायच्या ऐवजी घराबद्दल काहीतरी सांगा म्हणतात. मोका या तसल्याच दुसऱ्या टेस्टमध्ये बारावीपर्यंत शिकलेल्याला एक मार्क जादा मिळतो, पण निरक्षर आजीला त्या एका मार्काने काय होणार. तू सुनेला बाजूला घेऊन विचार, दूध उतू जातं का, भिशीचा हिशोब चुकायला लागलाय का, कोणाच्या पोरीचं लग्न कुठे झालं हे आजी सांगतात का. आणि सुनेचं सासूशी पटत नसेल तर लेकीलाही फोन लाव, हेही लक्षात ठेव.

अजून एक, त्या रकान्याशेजारी भाषा लिहायला लाग. हैदराबादच्या निम्स हॉस्पिटलमध्ये सुवर्णा अल्लादींनी ६४८ पेशंट बघितले, एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांत डिमेन्शिया सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला, आणि कधीच शाळेत न गेलेल्यांतही हा फरक होता. सगळ्याच अभ्यासांत तो दिसलेला नाही, तरी घरात तेलुगू, बाजारात कन्नड नि शेजारी मराठी बोलणाऱ्या सोलापूरच्या आजीला मी 'अशिक्षित' लिहून गप्प बसणार नाही.

आणि आज्यांना सांगायचं काय, तर आता शाळेचं दुःख काढून उपयोग नाही, कान तपास. लॅन्सेटच्या त्याच यादीत ऐकू कमी येण्याचा वाटा ७ टक्के आहे, शिक्षणापेक्षा जास्त. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल बघ, चार बायकांत ऊठबस आहे का विचार. अक्षरं शिकायची हौस असेल तर खुशाल शिकू देत. लखनौकडच्या खेड्यांतल्या निरक्षर माणसं सहा महिने देवनागरी शिकली तर त्यांच्या मेंदूतल्या जोडण्यांत बदल दिसलेत, अर्थात त्याने डिमेन्शिया टळतो असं कोणी दाखवलेलं नाही, तसलं आश्वासन देऊ नकोस.

पुढच्या आठवड्यात तू फाइली चाळशील तेव्हा शिक्षण 'शून्य' आणि निदान 'डिमेन्शिया' अशा सगळ्या वेगळ्या काढ. ज्यात घरच्यांशी बोलल्याची एकही ओळ नाही त्यांना परत बोलवूया.

तुझी
मॅडम