स्प्लिट एसीचा व्हॅक्यूम धरत नाही, पण साबणाचे बुडबुडेही येत नाहीत. लीकेज कुठे शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की नवा दीड टनाचा आर-32 गॅसचा स्प्लिट बसवताना, गॅस सोडण्याआधी पाइपमधली हवा आणि ओलावा ओढून काढायला पंप 40 मिनिटं चालवला तरी मायक्रॉन गेज (एक मायक्रॉन म्हणजे पाऱ्याच्या मिलिमीटरचा हजारावा भाग) 900 च्या खाली जात नाही, पंप वेगळा केला की दहा मिनिटांत 2500 दाखवतो, आणि व्हॅक्यूमवर असतानाच दोन्ही फ्लेअरना (पाइपचं तोंड कर्ण्यासारखं फुलवून नटाने आवळलेले सांधे) साबणाचा फेस लावला तर एकही बुडबुडा नाही.

बुडबुडा येणारच नाही हो. आत व्हॅक्यूम आहे, म्हणजे हवा बाहेरून आत जातेय. फेस फुगणार कशाने? उलट भोक असलंच तर साबणाचं पाणी आत ओढलं गेलं असेल आणि आता तेही सुकवायचं काम वाढलं. ओशाळू नका, आयटीआयमधून बाहेर पडलो त्या वर्षी मीही हेच केलंय. ज्यांच्या हाताखाली होतो त्यांनी काही न बोलता नुसतं नायट्रोजनच्या सिलिंडरकडे बोट दाखवलं होतं.

पण नायट्रोजन आणायच्या आधी स्वतःच्या सामानावर संशय घ्या. एकदा जुलैत, कल्याणला एका दवाखान्यात, मी एकाच जागचा फ्लेअर तीन वेळा कापून नवा मारला. दर वेळी पाइप इंचभर आखूड होत गेला, शेवटी आउटडोअरपर्यंत जेमतेम पोचेना. डॉक्टर दर अर्ध्या तासाने डोकावून जात होते. लीकेज निघालं माझ्याच पिवळ्या होजच्या टोकाच्या रबरी वायसरमध्ये, दबून चपटा झालेला, दहा रुपयांचा. गॅस भरताना तो कधी गळलेला दिसला नव्हता, कारण तेवढा बारीक झिरपा दाबाच्या गेजवर कळतच नाही.

म्हणून आधी एसी बाजूला ठेवा. पंप, होज आणि मायक्रॉन गेज एवढंच जोडा, दुसरं टोक बंद करा आणि पंप चालवा. तेल ताजं असेल तर बरा पंप 100 च्या खाली सहज जातो. इथेच 500-600 वर अडकला तर दोष तुमच्या पिशवीत आहे. पंपाच्या काचेतून तेल बघा. ताकासारखं पांढरट दिसलं तर त्यात पाणी गेलंय. पंप गरम असतानाच ते काढून नवं भरा. पावसाळ्यात मी दर दोन-तीन कामांमागे तेल बदलतो. लोक याला उधळपट्टी म्हणतात, म्हणोत. जमल्यास मॅनिफोल्ड (गेज आणि होज जोडायचा व्हॉल्व्हचा संच) मधून काढूनच टाका, तो म्हणजे आठ-दहा जादा सांधे. सर्व्हिस पोर्टमधली पिन कोअर रिमूव्हरने काढून जाड होज थेट लावा. आर-32 चा पोर्ट 5/16 चा असतो. त्यावर जुना 1/4 चा होज बसवायला ॲडॉप्टर लावला असेल तर त्याचंही वायसर तपासा.

सामान निर्दोष निघालं तर मग एसीकडे वळा. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट राहिलीय. दहा मिनिटांत 2500 झाला, पण कसा झाला? पंप वेगळा करून दर मिनिटाला आकडा वहीत लिहा. भराभर चढून 1500-2000 च्या आसपास रेंगाळला आणि तिथेच बसला तर आत ओलावा आहे. न थांबता एकाच चालीने चढत राहिला तर लीकेज. आणखी एक प्रकार आहे तो फार जण विसरतात: आकडा गेजच्या वर निघून गेला आणि थोड्या वेळाने साध्या गेजचा काटा शून्य ओलांडून दाबात गेला, तर हवा आत येत नाहीये. हवा शून्यावर थांबते. आउटडोअरमधला भरलेला गॅस ॲलन कीच्या व्हॉल्व्हमधून मागून गळतोय. अशा वेळी फ्लेअर शंभरदा मारून काही होणार नाही.

ओलाव्याचं गणित असं की 30 अंशांना पाणी साधारण 32 मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाखाली उकळतं, म्हणजे 32,000 मायक्रॉन. त्यामुळे पाणी निघतं, फक्त वेळ घेतं. मात्र थेंब साचलेले असतील आणि पंप जोरात ओढत असेल तर 4,580 मायक्रॉनच्या खाली त्याचा बर्फ होतो. मग गेज तात्पुरता छान दिसतो आणि नंतर हळूहळू वर येत राहतो. त्यावर उपाय म्हणजे मध्येच थोडा कोरडा नायट्रोजन सोडून व्हॅक्यूम मोडायचा आणि पुन्हा ओढायचं. पाइपची तोंडं पावसात रात्रभर उघडी राहिली होती का? तसं असेल तर एवढा वेळ लागणारच.

साध्या गेजच्या ‘-30’ वर (पाऱ्याचे इंच, म्हणजे जवळपास पूर्ण व्हॅक्यूम) विसंबणाऱ्यांना हे काहीच दिसत नाही. 5000 मायक्रॉन म्हणजे पाऱ्याचा जेमतेम 0.2 इंच, काट्याची जाडीच तेवढी असते. मायक्रॉन गेज घेतलात ते उत्तम केलंत.

आता लीकेजच ठरलं तर नायट्रोजन. व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा पाइपवर फक्त 14.7 पीएसआयने रेटते, नायट्रोजनने तुम्ही आतून त्याच्या वीसपट रेटू शकता. मायक्रॉन गेज आधी काढून ठेवा. आउटडोअरचे व्हॉल्व्ह बंदच राहू द्या. रेग्युलेटर लावून आधी 50, मग 150, मग 300-350 पीएसआय. नेमप्लेटवरच्या कमाल दाबाच्या वर कधीच नाही. आणि हे खडसावून सांगतो: नायट्रोजन मिळाला नाही म्हणून वेल्डिंगवाल्याकडून ऑक्सिजन आणू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो. माणसं गेली आहेत यात.

भांड्यांचं लिक्विड घट्टसर कालवून ब्रशने लावा आणि दोन-तीन मिनिटं नुसतं बघत बसा. नटाच्या पुढच्या बाजूला बघू नका, मागे बघा, जिथून पाइप नटात शिरतो. फ्लेअर गळला की बुडबुडा तिथून डोकावतो. कारण बहुतेक वेळा एकच, कापल्यावर आतली धार रीमरने (धार खरवडायच्या हत्याराने) काढलेली नसते, किंवा काढताना पाइपचं तोंड वर धरल्यामुळे तांब्याचा कीस आत पडलेला असतो. दुसरं कारण म्हणजे एकाच पान्याने गच्च आवळून फ्लेअरची कड चिरलेली. फ्लेअरच्या तोंडाला तेलाचं एक बोट लावा, दोन पाने वापरा.

फ्लेअर कोरडे निघाले तर इनडोअर कॉइलचे यू-बेंड. नव्या मशीनमध्ये हे क्वचित, पण नाल्याच्या किंवा खाडीच्या कडेच्या इमारतींत जुन्या कॉइल काळ्या पडून टाचणीएवढ्या भोकांनी गळतात, तिथे साबणापेक्षा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर बरा. दाब रात्रभर ठेवणार असाल तर तापमान लिहून ठेवा. दुपारी ठेवलेले 350 दहा अंश उतरल्यावर आपोआपच बारा-एक पीएसआयने खाली येतात. त्याला लीकेज समजून पुन्हा फ्लेअर कापत बसू नका.

आधी नुसता पंप, होज आणि गेज जोडून किती आकडा येतो ते खाली कमेंटमध्ये लिहा, आणि नंतर एसी लावून मिनिटा-मिनिटाचे दहा आकडे. तोवर इनडोअर भिंतीवरून उतरवू नका.